'कर'चं 'करला' का होत नाही? : भूतकाळात बदलणारे धातू



वर्गात कुणी "सर, मी अभ्यास करला" म्हणालं की मागच्या बाकावर खसखस पिकते. पुढच्या तासाला तो मुलगा तोंडच उघडत नाही. खरं तर त्याने नियम बरोबर पकडलेला असतो! बस-बसला, उठ-उठला, वाच-वाचला, तर कर-करला का नको?

याचं उत्तर जुन्या भाषेत आहे. बहुतेक धातूंना आपण आज सरळ 'ला' लावतो. पण काही ठिकाणी हा प्रत्यय धातूला न लागता संस्कृतातल्या जुन्या भूतकाळी रूपाला लागला. कृत, गत, मृत ही ती रूपं. प्राकृतात त्यांतला 'त' झिजला, पुढे 'इल्ल' प्रत्यय आला आणि केला, गेला, मेला झालं. तिघांतही 'ए' आहे, बघा. तसंच 'जात'चं जुन्या मराठीत 'जाला' झालं, तोच आपला 'झाला'.

'जा'ची तर वेगळीच गंमत. 'जातो' आला संस्कृत 'या' धातूवरून आणि 'गेला' आला 'गम्'वरून. म्हणजे दोन धातूंचा एकच संसार! इंग्रजीतला 'वेन्ट'सुद्धा मुळात 'गो'चा नाही, 'वेन्ड' या दुसऱ्या क्रियापदाचा. स्पॅनिशमध्ये 'तो गेला' आणि 'तो होता' या दोन्हींना 'फुए' हे एकच रूप चालतं. रोज तोंडात असणारी क्रियापदंच अशी वागतात, कारण सतत ऐकल्यामुळे त्यांची जुनी रूपं पुसली जात नाहीत.

बाकीचे गट पटकन पाहू. सांग, माग, बघ यांत 'इत' येतो: सांगितलं, मागितलं, बघितलं. घे, धू यांत 'त' येतो: घेतलं, धुतलं. 'घाल'चा तर 'ल'च जातो: घातलं. निघ, पळ, उड, मिळ यांत 'आ' येतो: निघाला, पळाला, उडाला, मिळाला. (पण पडला, चढला यांत येत नाही. इथे पाठांतराला इलाज नाही.) 'म्हण'ला मात्र दोन रूपं आहेत: "तो म्हणाला", पण "त्याने म्हटलं". "त्याने म्हणाला" असं मोठी माणसंही लिहितात, ते चूक.

शिक्षक मित्रांनो, 'करला'वर नुसती लाल फुली मारू नका. शेजारी 'केला, गेला, मेला' असं लिहून द्या. मुलाला पुढची दोन रूपं फुकट मिळतात.

आता वहीत हे भूतकाळात लिहा:

"मी मुरबाडहून निघतो, टोकावड्याला एसटीतून उतरतो, आईला पिशवी देतो, पाणी पितो आणि झोपतो."

पाचपैकी एकाच ठिकाणी 'मी'चं 'मी' राहूनही क्रियापद पिशवीप्रमाणे बदलेल. ते शोधा आणि 'पितो'पाशी जरा थांबून विचार करा.