फुफीचा खोकला

(क्षयरोगाला उर्दूत तपेदिक म्हणतात. हा रोग ओळखण्याची तपासणी रुग्णाच्या दाराजवळ कशी येत गेली, ते या पाठात सांगितले आहे.)

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढण्यापूर्वी खंडाळा लागते. लोणावळ्याच्या शेजारचे खंडाळा वेगळे. हे खंडाळा सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. तालुक्यातील एका लहान गावात माझी फुफी राहते. फुफी म्हणजे वडिलांची बहीण. मराठीत तिला आत्या म्हणतात.

२००४ साली मी सातवीत होतो. फुफी तेव्हा दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढायला जात असे. तिला खोकला लागला. संध्याकाळी अंग गरम होई. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. "मातीची धूळ नाकात जाते, दुसरं काही नाही," असे ती म्हणायची. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या. अडीच महिन्यांनी अब्बा तिला एस. टी. ने एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

त्या काळी बेडक्याचे तीन नमुने द्यावे लागत. पहिला नमुना दवाखान्यात गेल्याबरोबर, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर घरी, आणि तो डबा आणून देताना तिसरा. फुफीच्या हाती डबी दिली गेली. वऱ्हांड्यात माणसांची गर्दी होती. ती भिंतीकडे वळली, तोंडावर पदर घेतला आणि कशीबशी थुंकली. दुसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. एक दिवसाची मजुरी बुडाली होती, दुसरी बुडवणे तिला परवडणारे नव्हते. एका नमुन्याचा निकाल आला, 'जंतू आढळले नाहीत.' घरात सर्वांनी अल्लाहचे आभार मानले.

चार महिन्यांनी फुफीच्या खोकल्यातून रक्त पडले. पुन्हा तपासणी झाली, तेव्हा क्षयरोग निघाला. तोवर तिची धाकटी मुलगीही खोकू लागली होती. सहा महिने औषध घेऊन दोघी पूर्ण बऱ्या झाल्या. पण मधले चार महिने वाया गेले होते.

यात चूक कोणाची? पुष्कळ वर्षे मला वाटे, फुफीची. आता तसे वाटत नाही. ज्या तपासणीसाठी गरीब माणसाला दोन दिवसांची मजुरी सोडावी लागते आणि बाईमाणसाला चारचौघांत थुंकावे लागते, ती तपासणी कागदावरच सोपी असते.

आता ही तपासणी म्हणजे काय ते पाहू. क्षयरोगाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी शोधला. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे त्यांनी तो शोध जाहीर केला. अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात याच रोगाने वारल्या. त्या फक्त २१ वर्षांच्या होत्या. जंतू सापडला होता, पण त्याला मारणारे औषध अजून साठ वर्षे दूर होते. रुग्णाला मोकळ्या हवेत ठेवणे, चांगले खाऊ घालणे एवढेच हाती होते. म्हणून पाचगणीसारख्या डोंगरावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे निघाली.

बेडका काचेवर पसरतात, त्याला रंग देतात आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. निळ्या रंगावर बारीक लालसर काड्या दिसल्या तर ते क्षयरोगाचे जंतू. ही तपासणी स्वस्त आहे. पण तिच्यात एक उणीव आहे. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू असतील तरच ते डोळ्याला सापडतात. त्याहून कमी असले तर रोगी असूनही निकाल 'नाही' असा येतो. नुसती थुंकी दिली तर विचारूच नका. प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहता येतात, पण हा जंतू फार आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे वीस तास लागतात. म्हणून निकालाला काही आठवडे जातात.

गरीब देशात रोगी शोधायचे तरी कसे? १९५९ साली बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. खेड्यापाड्यांत एक्स-रेची यंत्रे नेऊन सरसकट सर्वांना तपासावे, असा विचार तेव्हा होता. पण कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात डॉ. देबाबर बॅनर्जी आणि अँडरसन यांनी रुग्णांना घरी जाऊन विचारले, तेव्हा वेगळीच गोष्ट समजली. निम्म्याहून अधिक रुग्ण आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते. त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले गेले होते! १९६३ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. रोगी दवाखान्याच्या दारात येतच होता, त्याचा बेडका मात्र कोणी पाहत नव्हते. माझ्या फुफीच्या दोन बाटल्या मला येथे आठवतात.

पुढे तपासणीत हळूहळू बदल होत गेले. तिसऱ्या नमुन्यामुळे फार थोडे नवे रोगी सापडतात, असे दिसून आले. म्हणून २००९ साली भारतात तीनऐवजी दोन नमुने पुरेसे मानले गेले. या बदलाला कोणतेही नवे यंत्र लागले नाही. तरी माझ्या मते तो मोठाच बदल आहे, कारण त्याने माणसाचा हेलपाटा कमी केला.

यंत्रेही आली. आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो या कंपनीचे 'ट्रूनॅट' यंत्र तुम्ही लक्षात ठेवा. कागदाच्या झेरॉक्स प्रती काढतात, तसे हे यंत्र जंतूच्या जनुकद्रव्याच्या असंख्य प्रती काढते. त्यामुळे जंतू थोडे असले तरी सापडतात. निकाल तासाभरात मिळतो. रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, हेही आणखी एका चाचणीने कळते. या आधीचे परदेशी यंत्र चांगले होते, पण त्याला अखंड वीज आणि थंड खोली लागे. ट्रूनॅट बॅटरीवर चालते. वीज गेली म्हणून ते थांबत नाही, आणि आपल्याकडे वीज जाते हे काय सांगायला हवे! २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने या यंत्राला मान्यता दिली.

सोपी म्हणून प्रत्येक चाचणी चांगली नसते. बोटभर रक्त घेऊन त्यातील प्रतिद्रव्यांवरून क्षयरोग सांगणाऱ्या चाचण्या एके काळी बाजारात फार चालत. त्या निरोग्याला रोगी ठरवत आणि रोग्याला निरोगी. २०१२ साली भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाची पाहणी झाली. सापडलेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ४३ जण केवळ एक्स-रेमुळे सापडले. खोकला आहे का, ताप आहे का, एवढेच विचारले असते तर ते निसटले असते. म्हणून जुना एक्स-रे आता नव्या रूपात परत आला आहे. तो हातात धरता येतो आणि पिशवीतून वस्तीवर नेता येतो. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत असे एक्स-रे वापरले गेले. त्यात छातीवर डाग दिसला की मग बेडका तपासायचा.

म्हणजे अखेर गाडी पुन्हा बेडक्यावरच येते. लहान मुलांना तो काढता येत नाही, ही अडचण अजून आहे. जिभेवरून काडी फिरवून नमुना घेण्याचे प्रयोग त्यासाठीच अनेक देशांत झाले. पाकिस्तानातील रावळपिंडी शहरातही एक साधा प्रयोग झाला. तपासणीला आलेल्या काही स्त्रियांना, बेडका कसा काढावा ते नीट समजावून सांगितले. इतर स्त्रियांना नेहमीप्रमाणे नुसती डबी दिली. नुसती डबी मिळालेल्या १०० स्त्रियांपैकी ८ जणींच्या नमुन्यात जंतू सापडले. समजावून सांगितलेल्या १०० पैकी १३ जणींच्या नमुन्यात सापडले. सूक्ष्मदर्शक तोच, रंग तोच. फरक फक्त दोन मिनिटांच्या बोलण्याचा! हे २००७ साली प्रसिद्ध झाले.

मी हे फुफीला सांगितले. ती नुसतीच हसली. गेल्या हिवाळ्यात तिच्या शेजारणीला खोकला लागून तीन आठवडे झाले होते. आशाताई डबी घेऊन आल्या. शेजारीण डबी पदराखाली लपवून उभी राहिली. फुफीने तिला घरामागे मोकळ्या जागी नेले.

"आधी पाण्याने चूळ भर. आता मोठा श्वास घे. थांब. सोड. पुन्हा घे. आता छातीतून खोकल. थुंकी नको मला, बलगम हवा."

आम्ही सगळे दारापाशी थांबलो. थोड्या वेळाने दोघी आल्या. फुफीने डबीचे झाकण घट्ट लावले, ती आशाताईंच्या हातात दिली आणि विचारले, "निकाल कधी? मीच येते विचारायला."

शब्दार्थ
बेडका – खोकल्याबरोबर छातीतून येणारा घट्ट कफ, बलगम
नमुना – तपासण्यासाठी घेतलेला थोडा भाग
सूक्ष्मदर्शक – बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र, खुर्दबीन
हेलपाटा – काम न होता झालेली फेरी
दाद न देणे – परिणाम न होऊ देणे

स्वाध्याय
१. फुफी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात का गेली नाही?
२. तुमकूर जिल्ह्यातील पाहणीत काय आढळले?
३. 'थुंकी नको मला, बलगम हवा' असे फुफी का म्हणाली?
४. तीन नमुने आणि दोन नमुने यांतील फरक मजुरी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने चार-पाच ओळींत लिहा.