शेक सुरू होण्याआधी

सौंदर्यासाठी बसवलेलं इम्प्लांट स्तनात असताना कर्करोगाची गाठ निघाली, तर गाठ काढून रेडिएशन, म्हणजे शेक, घेता येतं का? येतं. मी घेतलं. आत सिलिकॉन जेल असो की सलाइन, किरण त्यातून जातात. इम्प्लांट वितळत नाही आणि उपचारही त्यामुळे कमी पडत नाही. एवढं मला आधी सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. जे सांगितलं नाही, त्यासाठी हे लिहिते आहे.

इम्प्लांट कुठलंही असो, शरीर त्याच्याभोवती स्वतःचं एक पातळ आवरण तयार करतं. बहुतेकींचं ते मऊ राहतं. रेडिएशननंतर मात्र ते जाड होऊन इम्प्लांटला आवळू लागण्याचा धोका बराच वाढतो. डॉक्टर त्याला कॅप्स्युलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात आणि त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत स्तन नेहमीसारखा मऊ असतो. चौथीत तो कडक, दुखरा आणि आकार बिघडलेला असतो. हे शेक चालू असताना कळत नाही. काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी कळतं.

माझी कातडी शेवटच्या आठवड्यात लाल झाली, काखेजवळ सोलवटली आणि भरूनही आली. मला वाटलं, सुटले. मग एका ब्लाउजचा डावा टक्स जागेवर बसेना. शिवणाऱ्या ताईंनी तो उसवून पुन्हा घातला, तरी तेच. माप चुकलेलं नव्हतं; डावी बाजूच वर सरकली होती. हळूहळू त्या कुशीवर झोपणं बंद झालं. लेकीने धावत येऊन मिठी मारली की कळ यायची.

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर इम्प्लांटची नोंद होती, तरीही शेकाआधी मला प्लास्टिक सर्जनकडे कुणी पाठवलं नाही. पाठवलं असतं, तर इम्प्लांट ठेवायचं, काढायचं की बदलायचं, हे तेव्हाच बोलून झालं असतं. कारण नंतर ऑपरेशन करायचं म्हटलं, तर शेक घेतलेल्या जागेवर जखम सावकाश भरते, जंतुसंसर्गाची भीती जास्त असते, आणि पुष्कळदा पाठीचा किंवा पोटाचा स्वतःचा भाग आणून तिथे लावावा लागतो.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: कॅन्सर सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन या तिघांचं बोलणं प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनआधी होऊ द्या. त्या स्कॅनमध्ये हात डोक्यावर ठेवून तुम्हाला फळीवर झोपवतात, अंगावर खुणा करतात, डाव्या बाजूचा रोग असेल तर हृदय दूर राहावं म्हणून श्वास रोखायला शिकवतात. त्या दिवशीच्या आकारावरून किरणांचा आराखडा ठरतो. नंतर इम्प्लांट काढलं, तर तो नव्याने करावा लागतो.

हे वाचून शेकच नको म्हणू नका. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये आले. फक्त गाठ काढलेल्या 39 टक्के बायकांच्या त्याच स्तनात रोग परतला होता. गाठ काढून शेकही घेतलेल्यांत हे प्रमाण 14 टक्के होतं. कडक झालेल्या स्तनावर इलाज आहेत. परतलेला रोग ही फार वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडे ओपीडीत बाईबरोबर नवरा, सासू, जाऊ, कुणी ना कुणी असतंच. डॉक्टर विचारतात, "आधी काही ऑपरेशन?" बाई म्हणते, "सिझर," आणि थांबते; इम्प्लांटचं सांगत नाही. तिला दोष कसा द्यायचा? डॉक्टरांनीच दोन मिनिटं बाकीच्यांना बाहेर बसवावं. तसं झालं नाही, तर नर्सजवळ चिठ्ठी द्या, पण सांगा. सुई टाकून तपासणी करणाऱ्याला हे माहीत असलं तर तो सोनोग्राफीत बघत इम्प्लांट चुकवून सुई घालतो. मॅमोग्राफीतही इम्प्लांट मागे सारून फक्त स्तन पुढे ओढून जादा फोटो घेतात, कारण इम्प्लांटमागे काही भाग झाकला जातो. ही पद्धत मॅमोग्राफी सेंटरमध्ये करतात का, हे फोनवरच विचारून मगच जा. इम्प्लांटचं कार्ड सापडत असेल तर सोबत न्या: प्रकार, किती सीसीचं, स्नायूच्या वर की खाली. कार्ड हरवलं असेल तर ज्या सर्जनने बसवलं त्यांच्याकडून ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा.

पैशांचंही सांगते. विम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला मात्र त्या अटीतून सूट असते. तेव्हा शेकानंतर इम्प्लांट काढायची वेळ आलीच, तर डॉक्टरांच्या पत्रात रेडिएशनमुळे झालेलं कॉन्ट्रॅक्चर हे कारण स्पष्ट लिहून घ्या, सोबत कर्करोगाचे रिपोर्ट जोडा, आणि ॲडमिट होण्याआधीच विमा कंपनीकडे लेखी मंजुरी मागा.