शिबिराला जाऊन मिळणार काय?

कॉलेज सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की घरात एक फॉर्म येतो. राष्ट्रीय सेवा योजना, सगळ्यांच्या तोंडी एनएसएस. मुलगी म्हणते, ‘बाबा, सही करा.’ बाबा विचारतात, ‘याने होणार काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. जो फी भरतो त्याने तो विचारलाच पाहिजे. पंचाईत अशी की कॉलेजकडून त्याला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असं गुळगुळीत उत्तर मिळतं आणि पालकांचा संशय आणखी पक्का होतो.

म्हणून आधी रोख हिशेब. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आज तिचा साचा असा आहे : दोन वर्षांत २४० तास काम, म्हणजे वर्षाला १२०, आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. एवढं केलं की प्रमाणपत्र. वर्षाचे १२० तास आठवड्यांवर वाटले तर आठवड्याला अडीच तासही भरत नाहीत. ‘अभ्यास बुडेल’ ही भीती या आकड्यापुढे टिकत नाही. मोबाइलवर त्याहून जास्त वेळ एका रविवारी जातो. काही विद्यापीठं सवलतीचे गुणही देतात, त्याचे नियम आपल्या कॉलेजात विचारून घ्यावेत. शिवाय नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून राज्यातल्या पदवीच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट श्रेयांकांसह आले आहेत. म्हणजे लोकांत जाऊन काम करणं आता हौसेचं राहिलेलं नाही, ते गुणपत्रिकेत बसणार आहे. नोकरीची हमी मात्र यातलं काहीच देत नाही, आणि तशी हमी देणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

मग खरा फायदा कुठे असतो? एका वनराई बंधाऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण शिबिरांमध्ये हे काम नेहमी असतं. सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, त्यात माती-वाळू भरायची, दाभण-सुतळीने तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी, सांधेमोड करत रचायची. मधल्या फटींत चिकणमाती ठासायची. दोन दिवसांत बंधारा उभा राहतो, मुलं त्यावर बसून फोटो काढतात, बातमी छापून येते. इथवर शंभर मुलांचा अनुभव सारखाच असतो.

फरक पुढे पडतो. पोती कोणी दिली? गावातल्या बांधकामांवर फिरून ती मागून आणणारा मुलगा वेगळा. जागा कोणी ठरवली? ओढ्याचं पात्र कुठे अरुंद आहे आणि काठ कुठे उंच आहेत, हे गावच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर चालून बघितलेली मुलगी वेगळी. खालच्या अंगाचा शेतकरी ‘माझं पाणी अडवलं’ म्हणून भांडायला आला, तेव्हा त्याच्याशी कोण बोललं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. असा बंधारा पाऊस संपता संपता, ओढा वाहता असतानाच घालायचा असतो. कॉलेजचं शिबिर मात्र परीक्षांच्या सोयीने बहुधा डिसेंबर-जानेवारीत लागतं आणि तोवर कितीतरी ओढे आटलेले असतात. हे ज्याच्या लक्षात आलं आणि जो कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे जाऊन म्हणाला, ‘सर, आपण ऑक्टोबरातले दोन रविवार जाऊ या का?’, त्याला जे मिळालं ते कुठल्याही प्रमाणपत्रावर छापलेलं नसतं. पण मुलाखतीत ते लगेच कळतं.

स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत उमेदवाराने अर्जात लिहिलेल्या ओळींवरूनच प्रश्न निघतात. ‘एनएसएसचा स्वयंसेवक होतो’ असं लिहिलंत की पुढचा प्रश्न आलाच : काय केलंत? ‘वृक्षारोपण’ म्हणालात तर पुढे : किती जगली? इथे बहुतेकांची जीभ अडखळते. लावलेल्या झाडांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, जगलेल्यांचा कोणाला ठाऊक नसतो. खासगी कंपनीतही फार वेगळं घडत नाही. म्हणून माझा सल्ला एकच असतो : दहा उपक्रमांत हजेरी लावण्यापेक्षा एक काम धरा आणि दोन वर्षं सोडू नका. काम लहान असलं तरी चालेल. ते सुरू कसं झालं, अडलं कुठे आणि शेवटी काय झालं, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.

पालकांची दुसरी भीती राजकारणाची. ‘समाजकार्य ठीक आहे, पण मोर्चे-बिर्चे नकोत.’ काळजी समजते. पण नागरिक म्हणून वावरणं म्हणजे कोणाचा तरी झेंडा खांद्यावर घेणं नव्हे. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं, म्हणजे कायद्याने तुमचा मुलगा एफवाय-एसवायलाच नागरिक म्हणून मोजला जातो. मतदार नोंदणीसाठी आता वर्षात चार अर्हता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अर्जाचा नमुना सहा क्रमांकाचा. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. गावच्या मतदार यादीत नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य असतो, त्यासाठी कोणाच्या निमंत्रणाची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा असते. सुट्टीला घरी आलेल्या मुलाने एकदा तिथे जाऊन मागे बसावं आणि इतिवृत्त कसं लिहिलं जातं ते बघावं. राज्यशास्त्राच्या पुस्तकातला तो धडा नंतर वेगळाच वाटतो.

शहरातल्या मुलांसाठी मला सर्वांत आवडणारं काम अगदी नीरस वाटेल असं आहे. जूनमध्ये प्रवेशांच्या धांदलीत सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात : उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर. त्या रांगेत अशी कितीतरी माणसं असतात, जी कोणता कागद कमी आहे हे न कळल्यामुळे तीन-तीनदा परत जातात. आपल्या वस्तीतल्या दहा कुटुंबांचे कागद मे महिन्यातच बघून, काय कमी आहे ते लिहून देणं एवढं काम दोन विद्यार्थी सहज करू शकतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्याखाली अधिसूचित केलेल्या सेवांना ठरलेली मुदत आहे आणि मुदत टळली तर अपील करता येतं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला साधारण तीस दिवसांची मुदत असते. हे पाठ करून उपयोग नाही. एका खऱ्या अर्जाच्या मागे लागून, फाईल कोणत्या टेबलावर का अडते हे बघावं लागतं. वाणिज्य शाखेच्या, विधी शाखेच्या, अगदी इंजिनिअरिंगच्या मुलालाही पुढे आयुष्यभर कार्यालयांशीच गाठ असते. बंद पडलेल्या पथदिव्याचा सहा महिने पाठपुरावा केलेली मुलगी मला पाच रॅलींत फलक धरलेल्या मुलापेक्षा केव्हाही जास्त तयार वाटते.

यातून कोणाला समाजकार्याची वाटच आवडली तर? मग ती आता पूर्वीइतकी ओसाड नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. हा पैसा नीट लावायला, मोजायला, त्याचे अहवाल लिहायला माणसं लागतात. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत १९३६ पासूनची टाटा समाजविज्ञान संस्था आहे, तिचा तुळजापूरलाही परिसर आहे. मुंबईतच निर्मला निकेतन आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. पदवीनंतर टीच फॉर इंडिया किंवा गांधी फेलोशिपसारखे दोन वर्षांचे मार्ग आहेत. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिपही आहे, तिच्या वयाच्या, गुणांच्या आणि अनुभवाच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात. आपल्याला हे जमेल का, हे आधी चाचपायचं असेल तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’चा ‘निर्माण’ हा उपक्रम आहे, आणि बाबा आमट्यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहे. ती मे महिन्यात असते आणि ऊन चंद्रपूरचं असतं, तेवढी मनाची तयारी करून जावं.

पगाराबद्दल उगाच गोड बोलत नाही. लहान संस्थांत सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो. मोठ्या प्रतिष्ठानांत आणि कंपन्यांच्या सीएसआर विभागांत तो बरा असतो, पण तिथे तळमळीबरोबर एक्सेल यावं लागतं आणि स्वच्छ अहवाल लिहिता यावा लागतो.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. ‘सोशल इंटर्नशिप’च्या नावाखाली मुलांना एक लिंक दिली जाते आणि ठरावीक रक्कम ओळखीच्यांकडून गोळा करायला सांगतात. जमली की प्रमाणपत्र. महिनाभर मावशी-काकांना मेसेज पाठवण्यापलीकडे यात मुलाच्या हाताला काही लागत नाही. एखाद्या संस्थेत जाण्याआधी विचारा : मी कोणाबरोबर काम करणार, कुठे जाणार, रोज काय करणार? उत्तर धूसर असेल तर नमस्कार करून निघा.

आणि मुलीला शिबिराला पाठवायचं की नाही, हा प्रश्न फोनवर नातेवाइकांना विचारून सुटत नाही. कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. सोबत शिक्षिका आहेत का, मुलींची राहायची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे की आणखी कुठे, स्वच्छतागृह कसं आहे, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे, हे सरळ विचारा. चांगला अधिकारी या प्रश्नांनी चिडत नाही, उलट गावाचा नकाशाच समोर ठेवतो. जमलं तर शिबिराच्या दिवसांत स्वतः एक चक्कर मारून या. सकाळी गेलात तर मुलं श्रमदानावर भेटतील, दुपारी गेलात तर भाकऱ्या करताना.

नोंदणी कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच होते आणि एका युनिटमध्ये साधारण शंभरच जागा असतात. फॉर्म घरात पडला असेल तर या आठवड्यात सही करून परत पाठवा.