गंजी भिजली तर भिजू द्या

सोयाबीनची काढणी भरात आहे आणि परतीचा पाऊस रोज दुपारनंतर गडगडत येतो आहे. या वेळी मळणी आणि दाण्यातल्या ओलाव्यावर लिहायचे होते, पण ते तुम्हाला ठाऊकच आहे. सध्या शिवारात धास्ती आहे ती विजेची.

सकाळचे कडक ऊन, कोंदट हवा, दुपारी वर चढत जाणारे काळे ढग. एवढे दिसले की संध्याकाळपर्यंत काय होणार हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही पहिला गडगडाट झाला की घरातले सगळे ताडपत्री घेऊन गंजीकडेच पळतात! उघड्या रानात गंजीवर चढलेला माणूस हाच त्या घडीला आसपासचा सर्वांत उंच ठिपका असतो. ताडपत्री सकाळीच गंजीशेजारी उलगडून ठेवायला कोणी अडवले आहे? दुपारी ढग जमू लागले की काम थांबवा, गंजी झाका, कडेला दगड ठेवा आणि गावाकडे निघा. राहिलेला माल भिजला तर डागी होईल, भाव पडेल. पडू द्या.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, आणि पुढची तुमच्या बांधावरही पडू शकते. पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत रानात परतू नका.

झाडाखाली थांबण्याची खोड मात्र काही केल्या जात नाही. मराठवाड्यातल्या एका गावी तलाठ्याबरोबर पंचनाम्याला गेलो होतो. बांधावरच्या कडुनिंबाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभी सोललेली आणि खाली बांधलेली बैलजोडी गतप्राण. अंगावर भाजल्याची खूण जवळजवळ नाहीच, म्हणून जमलेली मंडळी देवाचा कोप म्हणत होती. कोप कसला? वीज झाडातून जमिनीत उतरून चहूकडे पसरते. बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, त्यामुळे प्रवाह एका पायातून चढतो आणि छातीतून दुसरीकडे उतरतो. म्हणून जनावरे झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नका.

माणसालाही हेच लागू. पक्के घर किंवा बंद काचांची जीप जवळ असेल तर तिथे जा. चार बांबूंवरचे पत्र्याचे छप्पर आणि बिनकेबिनचा ट्रॅक्टर आसरा नव्हे. काहीच जवळ नसेल तर झाड, विजेचा खांब, विहीर यांच्यापासून लांब, सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, डोके गुडघ्यांत घाला, हात जमिनीला टेकवू नका. आडवे तर मुळीच पडू नका. हा नाइलाजाचा उपाय आहे, यात पूर्ण सुरक्षितता नाही. चार जण असाल तर घोळका न करता अंतर ठेवून बसा.

आता घरगुती इलाज. अंगणात कोयता किंवा पहार फेकली म्हणून वीज लांब जात नाही. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत आजही ऐकतो, आणि त्या बिचाऱ्याला वेगळा बसवून बाकीचे निर्धास्त झाडाखाली! रबरी चपलेने काही होत नाही. मोबाईल वीज ओढत नाही. उलट पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप त्यावर घ्या. जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सांगते.

सर्वांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे वीज लागलेल्याला हात न लावणे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. छत्तीसगडकडे तर अशा माणसाला शेणात पुरतात आणि हाती असलेली मोलाची मिनिटे घालवतात. श्वास नसेल तर लगेच छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाब द्या, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा. दुसऱ्याला १०८ ला फोन करू द्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबू नका.

काढणीला मजूर लावणाऱ्या मालकांना आणि मुकादमांना एक विनंती: काम वेळेआधी थांबले तरी त्या दिवसाची मजुरी कापू नका, नाहीतर गडगडाट ऐकूनही कोणी विळा खाली ठेवणार नाही.