पऱ्हाटीच्या दिवसांतला सहावीचा आठवडा : काय करावे, काय टाळावे

भाद्रपदात यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरांत फवारणी चालू असते, पऱ्हाटीला पात्या-फुले लागलेली असतात आणि वर्गातल्या निम्म्या पोरांचे लक्ष खिडकीबाहेर असते. गुरुजी, बाई, मग एक आठवडा खिडकीबाहेरचेच शिकवा.

काय करावे

• सोमवारी गणित वावरातून काढा. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. दोन ओळींत चार फूट, दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवले तर एका झाडाच्या वाट्याला सहा चौरस फूट येतात. मग एकरात झाडे किती? उत्तर 7,260, पण ते सांगायची घाई नको. आधी मैदानात दोरी धरून चार बाय दीडचे आयत पोरांनाच आखू द्या. मग आपापल्या वावरातले खरे अंतर घरी विचारून आणू द्या. मंगळवारी घरागणिक उत्तर वेगळे येते, शेजाऱ्याची वही बघून भागत नाही.

• पोडावरचे मूल घरी कोलामी बोलते, तांड्यावरचे गोरमाटी, कुणी गोंडी, कुणी वऱ्हाडी. एकाच वस्तूचे हे सगळे शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. सांगणारे मूल त्या दिवशी वर्गाचा गुरुजी.

• विज्ञानाच्या तासाला कीटकनाशकाच्या वेष्टनावरचा रंगीत त्रिकोण शिकवा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवासुद्धा विषच, हे दोनदा सांगा. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रंगवलेला तक्ता प्रत्येकाने घरी न्यावा आणि फवारायला जाणाऱ्याला वाचून दाखवावा. सबंध आठवड्यातला हा तास कशासाठीही बुडवू नका.

• आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भाजीचे भाव मुलांकडून घ्या आणि तक्ता करा.

• शनिवारी सकाळच्या शाळेत एकच प्रश्न विचारा : या आठवड्यात काय समजले नाही?

काय टाळावे

• प्रकल्पासाठी म्हणूनही औषधाच्या रिकाम्या बाटल्या, डबे शाळेत मागवू नका. रिकाम्या डब्यातही विष उरते. चित्र पुरे.

• "ते झाड"ऐवजी "तो झाड" म्हणणाऱ्या मुलाला हसू नका, इतरांनाही हसू देऊ नका. कोलामी आणि गोंडी द्रविड कुळातल्या भाषा. मराठीसारखी तीन लिंगे त्यांत नाहीत. तो दगड, ती काठी, ते झाड हे त्या मुलाला एकेक करून नव्याने शिकावे लागते. चूक दुरुस्त करा, पण हलक्या आवाजात, त्याच्याजवळ बसून.

• बालभारतीचे पुस्तक आठवडाभर मिटून ठेवू नका. वावरातले गणित झाले की त्याच दिवशी पुस्तकातलेही सोडवा.

• दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की काही मुले चार-चार दिवस दिसत नाहीत. परत आलेल्याला वर्गासमोर उभे करून "कुठे होतास?" असे विचारू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मारण्याइतकाच मानसिक छळही बंद केला आहे. त्याला शेजाऱ्याची वही द्या, आणि संध्याकाळी त्याचे आईबाप वावरातून परतले की घरी जाऊन भेटा.