पोडावरचे मूल आणि आपली शाळा

यवतमाळ जिल्ह्यातील शाळांत एकाच वर्गात निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले पुष्कळदा शेजारी शेजारी बसतात. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांतील पोडांवर कोलामी, गोंडांच्या वस्त्यांत गोंडी, तर पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर बंजारा बोली घरात चालते. शाळेची भाषा बहुतेक ठिकाणी मराठी असते.

कोलामी व गोंडी या द्राविडी कुळातील भाषा होत. बंजारा बोली राजस्थानीला जवळची. पाण्याला कोलामीत ‘ईर’ व गोंडीत ‘येर’ म्हणतात. घरी ‘ईर’ म्हणणाऱ्या बालकास पहिल्याच दिवशी ‘पाणी म्हणजे काय?’ असे विचारल्यास ते गप्प राहते. हे मौन अज्ञानाचे नसते, अपरिचयाचे असते. परंतु त्यावरून ‘मंद’ असा शिक्का एकदा बसला, की मूल मागच्या रांगेत सरकते, पुढे गैरहजर राहू लागते आणि अखेर त्याचे नाव केवळ हजेरीपटावर उरते. गळतीचा आरंभ पुष्कळदा असा होतो. म्हणून तो रोखणेही वर्गशिक्षकाच्याच हाती आहे.

भाषिक अल्पसंख्य बालकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असा निर्देश संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदात १९५६ पासून आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषेचा आग्रह धरतो आणि बालकास शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करतो. भाषेवरून वा जातीवरून केलेला उपहास हा मानसिक त्रासच होय.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. मुलास त्याच्या नावाने हाक मारावी. जमातीच्या नावाने कदापि नव्हे.

२. भिंतीवर शब्दतक्ता लावावा. एका वस्तूचे चित्र काढून तिची मराठी, कोलामी, गोंडी व बंजारा नावे देवनागरीत लिहावीत. शब्द मुलांकडून व पालकांकडून मिळवावेत. शिक्षकाचा उच्चार चुकल्यास मुलांना तो सुधारू द्यावा. चुकण्यात लाज नाही, हा धडा त्यातून आपोआप मिळतो.

३. बसण्याच्या जागा दर आठवड्यास बदलाव्यात. पाणी देणे व भोजन वाढणे ही कामे सर्व मुलांकडे पाळीपाळीने यावीत.

४. बांबूच्या टोपल्या व तट्टे विणण्यात कोलाम कारागिरांचे कौशल्य मोठे आहे. अशा कारागिरास कार्यानुभवाच्या तासास सन्मानाने बोलवावे. आपल्या वडिलांना शाळेत शिकविताना पाहिलेले मूल ताठ मानेने बसते.

५. कापूस वेचणीच्या दिवसांत अनुपस्थिती वाढल्यास रागावण्यापूर्वी घरी जाऊन चौकशी करावी. मूल परतल्यावर बुडालेला अभ्यास स्वतंत्रपणे भरून काढावा.

घरच्या भाषेस मान दिल्याने मराठी मागे पडेल, ही शंका निराधार आहे. ओळखीच्या शब्दावरूनच अनोळखी शब्दाकडे जाता येते. मात्र या उपायांनी मराठीच्या अध्यापनाची जागा घेऊ नये. उत्तम मराठी येणे हा त्या मुलाचाही हक्क आहे.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी : आपल्या वर्गात गेल्या आठवड्यात एकही शब्द न बोललेले मूल कोणते? त्याच्या घरची भाषा कोणती, आणि तिचे किती शब्द शिक्षकास येतात?