कार्यालयातील संगणक घरून चालविताना

उरण, द्रोणागिरी, जासई या पट्ट्यातील आपली कितीतरी मुले-मुली आज सीएफएस, शिपिंग आणि कस्टम क्लिअरन्सच्या कार्यालयांत काम करीत आहेत. जहाज घड्याळ पाहून धक्क्याला लागत नाही. मग रात्री साहेबांचा फोन येतो, ‘घरूनच ऑफिसच्या मशीनवर जा आणि बिल ऑफ एन्ट्री भरून टाक.’ ही सोय उपयुक्तच आहे. परंतु ती चुकीच्या रीतीने उभी केली तर काय ओढवते, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण गडबड झाली की पहिला जाब विचारला जातो तो त्या मशीनवर बसणाऱ्या कारकुनाला.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे जगभर ठप्प केले. त्यात न्हावा शेवाचे गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनलही सापडले. हा प्रोग्राम रिमोट डेस्कटॉपमधून आला नव्हता. तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला. पण आत शिरल्यावर विंडोजमधील एका जुन्या उणिवेचा व चोरलेल्या अॅडमिन पासवर्डांचा आधार घेऊन तो एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर गेला. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. गंमत अशी की, घानामधील एक सर्व्हर वाचला तो तेथील वीज गेल्यामुळे! पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच बंदरातील जेएनपीसीटी टर्मिनलची यंत्रणाही सायबर हल्ल्याने बंद पडली व जहाजे इतर टर्मिनलांकडे वळवावी लागली.

आता मूळ विषय. रिमोट डेस्कटॉपमध्ये कार्यालयातील पडद्याचे चित्र घरी येते आणि आपले टायपिंग व माऊसची हालचाल तिकडे जाते. काम तिकडच्याच मशीनवर होते. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून अशी जोडणी स्वीकारण्याची सोय नाही, प्रो आवृत्ती लागते. या जोडणीचा ठरलेला पोर्ट ३३८९. पुष्कळ ठिकाणी संगणक दुरुस्तीवाला येतो, राउटरमध्ये हा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडतो आणि ‘झाले काम’ म्हणून निघून जातो. खरा धोका इथेच आहे. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात व पासवर्डमागून पासवर्ड लावून पाहतात. पोर्टचा क्रमांक बदलला तरी ते शोधून काढतातच. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या उणिवेत तर विंडोज ७ व त्याआधीच्या काही आवृत्त्यांत पासवर्डाचीही गरज नव्हती.

योग्य रीत अशी की, राउटरवर हा पोर्ट उघडूच नये. प्रथम व्हीपीएनने कार्यालयाच्या जाळ्यात यावे, त्यासाठी पासवर्डाबरोबर मोबाईलवरील कोडही लागावा, आणि मगच रिमोट डेस्कटॉप सुरू करावा. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू ठेवावे. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे व ते अॅडमिनचे नसावे. सर्वांनी एकच पासवर्ड वापरणे म्हणजे चोरी कोणी केली हे कधीच न कळण्याची व्यवस्था करणे होय. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते थोडा वेळ बंद होईल असे ठरवावे. विंडोजच्या सिक्युरिटी नोंदीत ४६२५ हा क्रमांक फसलेल्या प्रयत्नाचा असतो. मध्यरात्री अशा शेकडो ओळी दिसल्या तर कोणीतरी दार ठोठावीत आहे असे समजावे.

आपल्या व्यवसायात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे डिजिटल सहीचे टोकन. ते रात्रभर मशीनला लावलेले आणि पिन कीबोर्डखाली चिकटवलेली किंवा डेस्कटॉपवर लिहून ठेवलेली, असे चित्र पुष्कळ कार्यालयांत दिसते. आत शिरलेल्या माणसाला ती पिन मिळाली तर तो मालकाच्या नावाने सही करू शकतो. साहेबांनी टोकन लावून ठेवायला सांगितले तर ‘तसे लेखी द्या’ असे नम्रपणे म्हणावे.

बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडून ठेवावी. घटना घडलीच तर सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. आणि नोकरी सोडताना आपले खाते त्याच दिवशी बंद करून घ्यावे व तसे पत्र मागून घ्यावे.